जावा वेब सर्व्हिसमध्ये एचटीटीपी रिक्वेस्टचा तपशील: मिळवायचा कसा आणि त्यातलं खरं किती मानायचं

अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या एका टॉवेल कारखान्याच्या ऑर्डर सर्व्हिसचं काम माझ्याकडे आहे. हैदराबाद, विजापूर, लातूर असे बाहेरगावचे व्यापारी आपापल्या बिलिंग सॉफ्टवेअरमधून थेट या सर्व्हिसला ऑर्डर पाठवतात. सर्व्हिस 'सोप' पद्धतीची (म्हणजे एक्सएमएलमध्ये निरोप पाठवायची), जावातली, टॉमकॅट या जावाच्या वेब सर्व्हरवर चालणारी. एका संध्याकाळी कारखान्यातून फोन आला, "सर, चाळीस डझनाची ऑर्डर दोनदा पडलीये. व्यापारी म्हणतोय मी एकदाच पाठवली. दुसरी कुठून आली ते बघा की."

लॉग उघडला. ऑर्डर क्रमांक होता, माल होता, तारीख होती. ती कुठल्या मशीनवरून आली, कुठल्या सॉफ्टवेअरने पाठवली, कुठल्या पत्त्यावर आली, यातलं काहीच नव्हतं. आमच्या मेथडला दोन आर्ग्युमेंट यायची, व्यापाऱ्याचा कोड आणि मालाची यादी. वेब सर्व्हिस लिहिणाऱ्याला सुरुवातीला एवढंच दिसतं, कारण फ्रेमवर्कने एचटीटीपीचा सगळा भाग मागे ठेवलेला असतो. तो भाग पुढे कसा आणायचा, आणि आणल्यावर त्यातल्या कुठल्या गोष्टीवर निर्णय घ्यायचा, हे या लेखात सविस्तर लिहितो. माझ्या मते दुसरा प्रश्न पहिल्यापेक्षा मोठा आहे, पण क्रमाने जाऊ.

एक खुलासा आधीच. क्लास, मेथड आणि अ‍ॅनोटेशनची नावं इथे देवनागरीत दिली आहेत. एडिटरमध्ये ती अर्थातच रोमन लिपीत टाइप करायची. पहिली चार अक्षरं टाकली की ऑटो-कम्प्लीट बाकीचं सुचवतो.

आधी गाठ बघा, मग गाठीवरचा मार्का

सोलापुरात चादरी-टॉवेलचा धंदा जवळून पाहिलेल्या माणसाला ही गोष्ट चटकन कळेल. ट्रान्सपोर्टच्या गोदामात कापडाची गाठ येते तेव्हा तिच्याबद्दल तीन ठिकाणी माहिती असते. गाठीवर पाठवणाऱ्याने रंगाने घातलेला मार्का असतो. सोबत बिल्टी असते, ती मधल्या ट्रान्सपोर्टवाल्याने लिहिलेली. आणि गेटवरच्या वॉचमनच्या रजिस्टरमध्ये कुठल्या नंबरची गाडी किती वाजता आत आली याची नोंद असते, ती त्याने स्वतःच्या डोळ्यांनी बघून केलेली.

एचटीटीपी रिक्वेस्टचंही तसंच आहे. मेथडची आर्ग्युमेंट म्हणजे गाठीतला माल. हेडर म्हणजे रिक्वेस्टसोबत येणाऱ्या 'नाव आणि मजकूर' अशा ओळी. त्यातले यूजर-एजंट (पाठवणाऱ्या सॉफ्टवेअरचं नाव), रेफरर (आधीच्या पानाचा पत्ता), स्वतः ठरवलेले खास हेडर म्हणजे मार्का. पाठवणारा त्यात काहीही लिहू शकतो. एक्स-फॉरवर्डेड-फॉर हे हेडर म्हणजे मधल्या प्रॉक्सीची, रिक्वेस्ट पुढे पोचवणाऱ्या सर्व्हरची, बिल्टी. आणि ज्या जोडणीवरून रिक्वेस्ट प्रत्यक्ष आली त्या जोडणीचा आयपी पत्ता, म्हणजे वॉचमनची नोंद. पुढे कुठलाही तपशील वाचताना तो या तिघांपैकी कोणी लिहिला आहे, हा प्रश्न आधी विचारा.

पायरी १: आपली सर्व्हिस कुठल्या जातकुळीची आहे ते ठरवा

इंटरनेटवरून उचललेला तुकडा चालत नाही, याचं सर्वांत मोठं कारण इथेच असतं. जावात वेब सर्व्हिस लिहायच्या तीन वाटा जास्त चालतात: सोपसाठी जॅक्स-डब्ल्यूएस, रेस्टसाठी (साध्या एचटीटीपी पत्त्यांवर चालणाऱ्या सर्व्हिससाठी) जॅक्स-आरएस, आणि स्प्रिंग हे फ्रेमवर्क. तिन्हीत रिक्वेस्ट मिळवायची रीत वेगळी आहे.

सोबत पॅकेजचं नावही तपासा. जॅक्स-डब्ल्यूएस जावा ६ पासून जेडीकेच्या, म्हणजे जावाच्या मूळ संचाच्या, आतच होतं. २०१८ मध्ये आलेल्या जावा ११ मधून ते काढून टाकलं, त्यामुळे आता ती लायब्ररी वेगळी जोडावी लागते. नंतर २०२० मधल्या जकार्ता ईई ९ ने (सर्व्हरवरच्या जावाच्या प्रमाण संचाने) पॅकेजची सुरुवात 'जावाएक्स'वरून 'जकार्ता'वर नेली. टॉमकॅट ९ पर्यंत 'जावाएक्स', टॉमकॅट १० पासून 'जकार्ता'. स्प्रिंग बूट ३ हाही 'जकार्ता'च्या बाजूला, आणि त्याला किमान जावा १७ लागतो. जुन्या इम्पोर्टची सर्व्हिस नव्या टॉमकॅटवर टाकली तर क्लास सापडत नाही अशी तक्रार येते. तेव्हा पहिल्यांदा इम्पोर्टच्या ओळी बघा, लॉजिक नंतर.

पायरी २: सोप सर्व्हिसमध्ये रिक्वेस्ट मिळवणं

जॅक्स-डब्ल्यूएसमध्ये किल्ली एकच आहे, वेबसर्व्हिसकॉन्टेक्स्ट. सर्व्हिसच्या क्लासमध्ये ती फील्ड म्हणून जाहीर करायची आणि तिच्यावर रिसोर्स हे अ‍ॅनोटेशन लावायचं. कंटेनर, म्हणजे सर्व्हिस चालवणारा भाग (टॉमकॅट आणि त्यावरची जॅक्स-डब्ल्यूएस लायब्ररी), ती आपोआप भरतो. मग मेथडच्या आत तिच्याकडून रिक्वेस्ट मागायची. खालच्या पहिल्या दोन ओळी क्लासमध्ये, बाकीच्या मेथडच्या आत:

@रिसोर्स
प्रायव्हेट वेबसर्व्हिसकॉन्टेक्स्ट कॉन्टेक्स्ट;

मेसेजकॉन्टेक्स्ट मेसेज = कॉन्टेक्स्ट.गेटमेसेजकॉन्टेक्स्ट();
एचटीटीपीसर्व्हलेटरिक्वेस्ट रिक्वेस्ट =
    (एचटीटीपीसर्व्हलेटरिक्वेस्ट) मेसेज.गेट(मेसेजकॉन्टेक्स्ट.सर्व्हलेट_रिक्वेस्ट);

एवढ्यावर काम झालं. रिक्वेस्ट हातात आली की गेटरिमोटअ‍ॅडर, गेटहेडर, गेटमेथड, गेटक्वेरीस्ट्रिंग या ओळखीच्या मेथड चालतात. आम्ही त्या संध्याकाळी हेच केलं.

पण या पाच ओळींत माणसं अडकतात, आणि अडकायच्या जागा ठरलेल्या आहेत.

कॉन्टेक्स्ट नल येतो. बहुतेक वेळा कारण हे की सर्व्हिसचा ऑब्जेक्ट कंटेनरने बनवलेला नसून कोणीतरी 'न्यू' लिहून स्वतः बनवलेला असतो. कंटेनरने न बनवलेल्या ऑब्जेक्टमध्ये काही भरलं जात नाही. वेगळ्या मदतनीस क्लासमध्ये रिसोर्स लावलं तरी हेच होतं. मदतनीस क्लासला हवा असलेला तपशील सर्व्हिसच्या मेथडमधून आर्ग्युमेंट म्हणून द्या. कन्स्ट्रक्टरमध्येही कॉन्टेक्स्ट अजून भरलेला नसतो.

कॉन्टेक्स्ट आहे, पण गेटमेसेजकॉन्टेक्स्ट 'इल्लीगल स्टेट'ची एरर फेकतो. त्या क्षणी कुठलीही रिक्वेस्ट चालू नाही, एवढाच त्याचा अर्थ. सर्व्हर सुरू होताना किंवा टायमरमधून हाक मारली असेल तर असं होणारच.

मेसेजकॉन्टेक्स्ट मिळाला, पण सर्व्हलेट रिक्वेस्ट नल आहे. एंडपॉइंटची पब्लिश मेथड वापरून, टॉमकॅटशिवाय, जावाच्या छोट्या सर्व्हरवर चाचणी घेत असाल तर तिथे सर्व्हलेटच (वेब सर्व्हरवर रिक्वेस्ट हाताळणारा जावा क्लास) नसतो, मग सर्व्हलेट रिक्वेस्ट कुठून येणार? अशा वेळी मेसेजकॉन्टेक्स्टमधले दुसरे तपशील वापरा. एचटीटीपी_रिक्वेस्ट_हेडर्स या नावाखाली सगळ्या हेडरचा मॅप मिळतो. त्यात प्रत्येक नावापुढे एक यादी असते, कारण एकच हेडर अनेकदा येऊ शकतं. एचटीटीपी_रिक्वेस्ट_मेथड, पाथ_इन्फो आणि क्वेरी_स्ट्रिंग हेही तिथेच असतात. फक्त हेडरच हवी असतील तर मी टॉमकॅटवरसुद्धा हा मॅप पसंत करतो, कारण मग कोड सर्व्हलेटला बांधलेला राहत नाही.

त्या मॅपची एक खोच लक्षात ठेवा. एचटीटीपीत हेडरच्या नावात लहान-मोठ्या अक्षरांचा भेद नसतो आणि सर्व्हलेट रिक्वेस्टची गेटहेडरही तो मानत नाही. मॅप मात्र कुठल्या लायब्ररीने बनवला त्यावर अवलंबून असतो. शिवाय एचटीटीपी/२ मध्ये नावं सगळी लहान अक्षरांतच येतात. म्हणून मॅपमधून शोधताना नाव थेट मागू नका. सगळ्या नावांवरून फिरून, अक्षरांचा भेद न मानता तुलना करा.

आणि मेसेजकॉन्टेक्स्ट कधीही फील्डमध्ये साठवू नका. सर्व्हिसचा ऑब्जेक्ट साधारणपणे एकच असतो आणि एकाच वेळी दहा रिक्वेस्ट त्यातून जात असतात. वेबसर्व्हिसकॉन्टेक्स्ट फील्डमध्ये ठेवणं सुरक्षित आहे, कारण तो प्रत्येक थ्रेडला त्याचीच रिक्वेस्ट दाखवतो. त्यातून काढलेला मेसेजकॉन्टेक्स्ट किंवा रिक्वेस्ट मात्र मेथडच्या आतच, लोकल व्हेरिएबलमध्ये राहिली पाहिजे. नाहीतर लातूरच्या व्यापाऱ्याची ऑर्डर विजापूरच्या पत्त्यावर नोंदली जाईल, आणि ही चूक चाचणीत दिसत नाही, गर्दीच्या वेळीच दिसते.

प्रत्येक मेथडमध्ये हेच लिहायचा कंटाळा आला तर सोप हँडलर लिहा. त्याच्या हँडलमेसेज मेथडला मेसेजकॉन्टेक्स्ट आयताच मिळतो. तो येताना आणि जाताना असा दोनदा बोलावला जातो, त्यामुळे मेसेज_आउटबाउंड_प्रॉपर्टी तपासून फक्त येतानाचं काम करा. हँडलरने ठेवलेली व्हॅल्यू मेथडमध्ये दिसत नाही अशी तक्रार हमखास येते. तिचा स्कोप मुळात फक्त हँडलरपुरता असतो. सेटस्कोप वापरून तो 'अ‍ॅप्लिकेशन' केला की दिसायला लागते.

पायरी ३: रेस्ट आणि स्प्रिंग

इथे काम हलकं आहे. जॅक्स-आरएसमध्ये कॉन्टेक्स्ट हे अ‍ॅनोटेशन मेथडच्या पॅरामीटरवर लावून सर्व्हलेट रिक्वेस्ट, एचटीटीपीहेडर्स किंवा यूआरआयइन्फो मागता येतं. एकच हेडर हवं असेल तर हेडरपॅराम. मेथडच्या सिग्नेचरमध्ये काय लागतं ते वाचणाऱ्याला तिथेच दिसतं, म्हणून मी नेहमी तेच सुचवतो.

स्प्रिंगच्या कंट्रोलरमध्ये तर सर्व्हलेट रिक्वेस्ट नुसती पॅरामीटर म्हणून लिहिली की मिळते; एका हेडरसाठी रिक्वेस्टहेडर हे अ‍ॅनोटेशन आहे. खोलवरच्या क्लासमधून रिक्वेस्टकॉन्टेक्स्टहोल्डर वापरूनही ती ओढून आणता येते, पण मग तो क्लास वेबशिवाय तपासता येत नाही. स्प्रिंगची सोप सर्व्हिस असेल तर वाट थोडी लांबची: ट्रान्सपोर्टकॉन्टेक्स्टहोल्डरकडून ट्रान्सपोर्ट कॉन्टेक्स्ट, त्यातून कनेक्शन, ते एचटीटीपीसर्व्हलेटकनेक्शनमध्ये कास्ट करायचं आणि मग रिक्वेस्ट.

पायरी ४: आयपी पत्ता, म्हणजे वॉचमनची नोंद

आमच्या त्या लॉगमध्ये पत्ते यायला लागले आणि सगळ्या व्यापाऱ्यांचा पत्ता एकच निघाला: १२७.०.०.१, म्हणजे सर्व्हरचं मशीन स्वतःच. हैदराबादही तोच, लातूरही तोच. टॉमकॅटच्या पुढे त्याच मशीनवर एनजिनएक्स हा प्रॉक्सी होता. वॉचमन खोटं बोलत नव्हता. त्याच्या गेटवर दरवेळी एनजिनएक्सचीच गाडी येत होती.

अशा वेळी बिल्टी बघायची. एनजिनएक्सला सांगून एक्स-फॉरवर्डेड-फॉर हेडर पुढे पाठवता येतं. त्यात स्वल्पविरामाने जोडलेले पत्ते असतात आणि प्रत्येक प्रॉक्सी आपल्याला दिसलेला पत्ता उजव्या टोकाला जोडत जातो. बहुतेक उदाहरणांत लिहिलेलं असतं की पहिला, म्हणजे सर्वांत डावीकडचा पत्ता घ्या. तो घेऊ नका. क्लायंट रिक्वेस्ट पाठवतानाच हे हेडर स्वतः भरू शकतो. प्रॉक्सी त्याला हात न लावता आपल्याला दिसलेला पत्ता शेवटी जोडतो. म्हणजे डावीकडचा पत्ता पाठवणाऱ्याने लिहिलेला मार्का असू शकतो, आणि आपल्या स्वतःच्या प्रॉक्सीने लिहिलेला तेवढा उजवीकडचाच. उजवीकडून डावीकडे जा, आपल्या ओळखीचे प्रॉक्सी ओलांडा, आणि पहिला अनोळखी पत्ता लागेल तो क्लायंटचा.

हे हाताने लिहायची गरज नाही. टॉमकॅटमध्ये रिमोटआयपीव्हॉल्व्ह आहे, तो नेमकं हेच करतो, आणि रिक्वेस्ट ओळखीच्या प्रॉक्सीकडून आली नसेल तर हेडर मानतच नाही. व्हॉल्व्ह लावला की तुमच्या कोडमधला साधा गेटरिमोटअ‍ॅडर खरा पत्ता द्यायला लागतो. सर्व्हिसमध्ये एक ओळही बदलावी लागत नाही. स्प्रिंग बूटमध्ये फॉरवर्ड-हेडर्स-स्ट्रॅटेजी ही सेटिंग 'नेटिव्ह' ठेवली की टॉमकॅटचा हाच व्हॉल्व्ह कामाला लागतो. सोबत टॉमकॅटचा ८०८० पोर्ट बाहेरच्या जगाला बंद करा. पुढच्या दाराला वॉचमन बसवून मागचं दार उघडं ठेवण्यात अर्थ नाही.

एक्स-फॉरवर्डेड-प्रोटो हेही सोबतच पाठवा. नाहीतर बाहेर एचटीटीपीएस असूनही इझसिक्युअर खोटं उत्तर देतं आणि गेटरिक्वेस्टयूआरएलमध्ये साधं एचटीटीपी दिसतं. सोप सर्व्हिसच्या डब्ल्यूएसडीएलमध्येही (सर्व्हिस कुठे आहे आणि कशी वापरायची ते सांगणाऱ्या फाइलमध्ये) अनेकदा रिक्वेस्टवरूनच पत्ता बनवला जातो. मग, मूळ होस्ट हेडरही पुढे पाठवलं नसेल तर, व्यापाऱ्याच्या सॉफ्टवेअरला 'लोकलहोस्ट'वर ऑर्डर पाठव असं सांगितलं जातं आणि ते बिचारं स्वतःच्याच मशीनवर शोधत बसतं.

इतकं करून मिळालेला पत्ताही माणसाची ओळख नाही. मोबाइल कंपन्या एकाच सार्वजनिक पत्त्यामागे असंख्य ग्राहक ठेवतात. साखर पेठेत आणि जुळे सोलापुरात बसलेले दोन जण एकाच पत्त्यावरून येऊ शकतात, आणि त्या पत्त्याचं गाव शोधलं तर मुंबई दिसू शकतं. पत्ता लॉगसाठी चांगला, संशय तपासायला चांगला. 'हा पत्ता आहे म्हणजे हाच व्यापारी' असं कोडमध्ये कधीही लिहू नका. ओळख हवी असेल तर लॉगिन झालेल्या वापरकर्त्याचा प्रिन्सिपल घ्या, तो वेबसर्व्हिसकॉन्टेक्स्टमधूनच गेटयूजरप्रिन्सिपलने मिळतो. किंवा क्लायंट सर्टिफिकेट तपासा, ते सर्व्हलेट रिक्वेस्टच्या अ‍ॅट्रिब्यूटमध्ये मिळतं. मात्र एचटीटीपीएस एनजिनएक्सपाशीच संपत असेल तर ते तिथेच तपासावं लागतं, टॉमकॅटपर्यंत ते आपोआप येत नाही.

पायरी ५: बॉडी एकदाच वाचता येते

'रिक्वेस्टमधून गेटइनपुटस्ट्रीम घेतला, पण रिकामा आला.' सोप मेथड चालू होण्याआधी फ्रेमवर्कने बॉडी वाचून त्यातूनच तुमची आर्ग्युमेंट बनवलेली असतात. प्रवाह एकदा वाहून गेला की परत येत नाही. फॉर्मच्या पोस्टमध्ये गेटपॅरामीटरला हाक मारली तरी बॉडी तिथेच संपते.

पूर्ण बॉडी लॉगमध्ये हवी असेल तर सर्व्हलेट फिल्टर लिहून रिक्वेस्टभोवती बॉडी साठवणारं आवरण घाला. स्प्रिंगमध्ये कॉन्टेंटकॅशिंगरिक्वेस्टरॅपर तयार आहे. पण तो आतल्या कोडने जेवढं वाचलं तेवढंच साठवतो, म्हणून फिल्टरमधून रिक्वेस्ट पुढे पाठवून परत आल्यावर त्यातून वाचा. आधी वाचलंत तर रिकामंच मिळेल.

पायरी ६: मराठी अक्षरं

हेडरमध्ये देवनागरी थेट पाठवू नका. 'सोलापूर' या शब्दात युनिकोडची सात चिन्हं आहेत आणि यूटीएफ-८ मध्ये त्याचे २१ बाइट होतात. टॉमकॅट हेडर आयएसओ-८८५९-१ समजून वाचतो, त्यामुळे हाती २१ विचित्र अक्षरं येतात. काही क्लायंट तर पाठवतानाच प्रश्नचिन्हं करून टाकतात आणि मग मूळ शब्द परत मिळवायचा मार्गच उरत नाही. पाठवताना यूआरएलएन्कोडर आणि घेताना यूआरएलडीकोडर, दोन्हीकडे यूटीएफ-८ स्पष्ट लिहून. सोप बॉडीत ही अडचण सहसा येत नाही, कारण एक्सएमएल आपली एन्कोडिंग स्वतः सांगतो. व्यापाऱ्याचं नाव बॉडीतच असावं, हे माझं ठाम मत आहे.

पायरी ७: लॉग आणि दुसरा थ्रेड

ऑथरायझेशन आणि कुकी ही हेडर लॉगमध्ये कधीही छापू नका. लॉगची फाइल ज्याच्या हाती पडली त्याच्या हाती खात्याची चावी पडली. क्लायंटकडून आलेल्या व्हॅल्यू छापण्याआधी त्यातली नव्या ओळीची चिन्हं काढा. नाहीतर डीकोड केलेल्या व्हॅल्यूतून कोणीही तुमच्या लॉगमध्ये बनावट ओळ घुसवू शकतो.

ऑर्डर नोंदवून ईमेल मात्र मागे दुसऱ्या थ्रेडमधून पाठवायचा, असं पुष्कळ ठिकाणी असतं. त्या थ्रेडला रिक्वेस्टचा ऑब्जेक्ट देऊ नका. उत्तर गेलं की टॉमकॅट तोच ऑब्जेक्ट पुसून पुढच्या रिक्वेस्टसाठी वापरतो. मागच्या थ्रेडला त्यात नल दिसेल, किंवा दुसऱ्याच व्यापाऱ्याचा तपशील. पत्ता, यूजर-एजंट, जे हवं ते आधी साध्या स्ट्रिंगमध्ये उतरवून घ्या आणि त्या स्ट्रिंग द्या.

दुबार ऑर्डरचं काय झालं

व्हॉल्व्ह लावल्यावर आठवड्याभरात तोच प्रकार पुन्हा झाला आणि या वेळी लॉगने सांगितलं. दोन्ही रिक्वेस्ट एकाच पत्त्यावरून, एकाच यूजर-एजंटने, बरोबर तीस सेकंदांच्या अंतराने. व्यापाऱ्याचं सॉफ्टवेअर तीस सेकंद उत्तराची वाट बघायचं आणि मग तीच ऑर्डर परत पाठवायचं. आमची पहिली नोंद तोवर चालूच असायची. व्यापारी खरं बोलत होता, त्याने बटण एकदाच दाबलं होतं.

दुरुस्ती हेडरवर केली नाही. व्यापाऱ्याच्या सॉफ्टवेअरने ऑर्डरचा स्वतःचा क्रमांक बॉडीत द्यायचा आणि डेटाबेसमध्ये व्यापारी अधिक क्रमांक ही जोडी युनिक ठेवायची; दुसऱ्यांदा आली तर पहिल्याचंच उत्तर परत द्यायचं.

तुमच्या सर्व्हिसवर हे सगळं बसवलंत की कर्लने (कमांड लाइनवरून रिक्वेस्ट पाठवणाऱ्या प्रोग्रामने) तीन रिक्वेस्ट पाठवून बघा. पहिली प्रॉक्सीमधून, साधी. दुसरी प्रॉक्सीमधूनच, पण एक्स-फॉरवर्डेड-फॉरमध्ये स्वतः लिहिलेला खोटा पत्ता घालून. तिसरी बाहेरच्या मशीनवरून थेट ८०८० वर. पहिल्या दोन्हींत लॉगमध्ये तुमचा खराच पत्ता दिसला पाहिजे, आणि तिसरी जोडलीच जाता कामा नये.